जाड टायर, बारीक टायर आणि घाटातलं वळण

मागच्या भागात आपण चेन आणि स्प्रॉकेटवर बोललो होतो. त्यानंतर जे मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त टायरबद्दल. एक व्हॉइस मेसेज तर मी तीनदा ऐकला. पोरगा म्हणतो, "दादा, माझी दीडशे सीसीची गाडी आहे. मागे शंभरचा टायर. मागून बघितलं की सायकल वाटते. टायरवाला म्हणतोय एकशेचाळीसचा आरामात बसतो. गणपतीला गावी जायचंय, पुण्याहून रत्नागिरी, मागे पप्पा असणार. टाकू का?"

उत्तर एका शब्दात आहे: नको. पण नुसतं नको म्हटलं तर तू टाकणारच, हे मला माहितीये. म्हणून आज का नको, ते नीट बोलू. आणि ते बोलताना टायरचा आकार गाडीला वळवतो कसा, हेही येईल. कारण गंमत अशी आहे की आपण हँडलने गाडी वळवतो असं आपल्याला वाटतं, पण खरं काम खाली तो रबराचा गोल करत असतो.

आधी टायरवर लिहिलेलं वाचायला शिकू. समजा लिहिलंय १००/९०-१७ ५५पी. पहिला आकडा म्हणजे रुंदी, १०० मिलिमीटर. दुसरा म्हणजे उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. १०० चे ९० टक्के, म्हणजे रिमच्या वर टायर ९० मिमी उभा आहे. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ५५ हा वजनाचा कोड आहे, ५५ किलो नाही बरं का! तक्त्यात ५५ म्हणजे २१८ किलो. आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. घरी वडिलांची जुनी गाडी असेल तर तिच्यावर २.७५-१८ असं काहीतरी दिसेल, ते जुनं इंचातलं माप.

आता तो टायर रस्त्याला टेकतो किती, ते बघू. गाडी आणि तू मिळून समजा २२० किलो. त्यातले १३० मागच्या चाकावर, ९० पुढच्या. मागे ३० पीएसआय हवा आहे. वजन भागिले हवेचा दाब केलं की साधारण ६० चौरस सेंटिमीटर येतात. पुढचे पन्नासेक. हे ढोबळ आहे, कारण थोडं वजन टायरची भिंतही पेलते आणि नक्षीच्या खाचा टेकत नाहीत. पण अंदाज घ्यायला पुरे. आता हातातला मोबाईल उताणा ठेव. त्याचं क्षेत्रफळ साधारण १२० चौरस सेंटिमीटर. म्हणजे तुझी आख्खी गाडी, तू, ब्रेक, वळण, पाऊस, सगळं एका मोबाईलएवढ्या जागेवर चाललंय. निम्मा पुढे, निम्मा मागे.

आणि इथेच जाड टायरचा पहिला गैरसमज फुटतो. वजन तेवढंच, हवा तेवढीच, तर टेकणारी जागाही जवळपास तेवढीच राहते. टायर रुंद केला की ती जागा मोठी होत नाही, तिचा आकार बदलतो. आधी लांबट होती, आता आडवी आणि आखूड झाली. मग मोठ्या गाड्यांना जाड टायर का देतात? कारण तिथे ताकद जास्त आहे, वेग जास्त आहे, रबर तापतं, झिजतं, आणि गाडी खूप कललेली असताना जोरात ॲक्सिलरेटर दिला तरी मागचं चाक टिकायला हवं. ३९० ड्यूकला मागे १५०/६०-१७ आहे, कारण तिच्याकडे चाळीसच्या वर घोड्यांची ताकद आहे. तुझ्याकडे चौदा-पंधरा घोडे आहेत. शंभरचा टायर त्यांना पुरून उरतो.

बरं, आता वळण. हे जरा लक्ष देऊन ऐका, सगळी मजा इथे आहे.

टपरीवरचा कटिंगचा ग्लास घ्या, रिकामा. वर रुंद, खाली निमुळता. तो टेबलावर आडवा ठेवून ढकला. सरळ जाईल? नाही. निमुळत्या बाजूला गोल फिरत येईल. रुंद काठाला एका फेरीत जास्त अंतर कापावं लागतं, बुडाला कमी, म्हणून तो वळतो. मोटारसायकलचा टायर समोरून बघितला तर गोलसर दिसतो. गाडी सरळ असताना मधला भाग टेकतो. गाडी डावीकडे कलली की टायरची डावी कड टेकते, आणि तिथे टायरचा तुकडा त्या ग्लाससारखा असतो: मधल्या बाजूचा व्यास मोठा, कडेचा लहान. त्यामुळे कललेला टायर स्वतःच आत वळायला बघतो. कारचा टायर कलत नाही, म्हणून तो चपटा चालतो. आपल्याला गोलाई लागते. ही गोलाई, म्हणजे प्रोफाइल, गाडीच्या स्वभावातला फार मोठा भाग आहे. टोकदार प्रोफाइल असेल तर गाडी पटकन आत शिरते. चपटं असेल तर सरळ रस्त्यावर स्थिर वाटते, पण वळणात तिला ढकलावं लागतं.

मोठ्या स्पोर्ट बाइकवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. त्यांच्यात १९०/५० काढून १९०/५५ टाकणारे बरेच. रुंदी तीच, फक्त उंची साडेनऊ मिलिमीटरने वाढते, पण मागून गाडी उचलली जाते, प्रोफाइल उभट होतं आणि गाडी वळणात चटकन पडते. रुंदी न वाढवता वळण सुधारतात ते, आणि आपल्याकडे सगळा जोर रुंदीवर!

रुंदीचा तोटा आकड्यात दाखवतो. ५० मीटर त्रिज्येचं वळण, वेग ताशी ६०. टायर कागदासारखा पातळ असता तर साधारण साडेएकोणतीस अंश कलावं लागलं असतं. पण खऱ्या टायरला जाडी आहे. गाडी कलली की टेकण्याची जागा मध्यावरून आतल्या बाजूला सरकते, आणि तोल सांभाळायला आणखी कलावं लागतं. गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर धरला आणि दोन्ही टायर १०० मिमीचे, पूर्ण गोल मानले, तर आणखी अडीच अंश. १५० मिमीचे मानले तर चार अंश. म्हणजे त्याच वळणाला, त्याच वेगाला जाड टायरची गाडी दीड अंश जास्त कलते. दीड अंश ऐकायला काहीच नाही. पण आपल्या गाड्यांचे फूटपेग आणि स्टँड खाली किती लवकर घासतात ते घाटात चालवणाऱ्याला विचारा. शिवाय हे दोन्ही टायर जाड धरून झालं. आपण काय करतो? फक्त मागचा जाड करतो, पुढचा बारीकच. मग कलताना मागची जागा जास्त आत सरकते, पुढची कमी. दोन्ही चाकं एका रेषेत असली तरी रस्त्याला टेकणारे दोन ठिपके एका रेषेत राहत नाहीत. गाडी 'आखडल्यासारखी' वाटते असं लोक म्हणतात, त्यातला काही भाग हाच.

आता रिमवर येतो. तुमच्या टायरवाल्याने हे सांगितलेलं नसतं, कारण त्याला टायर विकायचाय. 'बसतो' आणि 'चालतो' यात फरक आहे. टायर रिमवर बसणं म्हणजे त्याच्या दोन्ही कडा, बीड, रिमच्या खोबणीत अडकणं. एकशेचाळीसचा टायर बारीक रिमवर अडकतो, हवा भरली की ठप्प असा आवाज येतो, सगळे खूश. पण त्या टायरच्या कडा जेवढ्या लांब हव्यात त्यापेक्षा जवळ ओढल्या गेल्या. चिमटा काढल्यासारखा टायर मधून फुगतो. १४०/७०-१७ ला साधारण साडेतीन ते साडेचार इंच रुंद रिम अपेक्षित असते. दीडशे सीसीच्या पुष्कळ गाड्यांच्या मागच्या रिमची रुंदी अडीच इंचाच्या आसपास. रिमवर कोरलेलं असतं, बघा: १७ × एमटी २.५० असं काहीतरी. तो २.५० म्हणजे रुंदी.

चिमटलेल्या टायरचं काय होतं? तो कंपनीने बनवलेला गोल राहत नाही, त्याला मध्ये टेंगूळ येतं. सरळ जाताना फक्त तेवढी पट्टी टेकते, म्हणजे ज्या रुंदीसाठी पैसे दिले ती हवेत लटकते. गाडी कलवली की टेंगळावरून एकदम कडेकडे घसरल्यासारखी पडते. कडेची नक्षी महिनोन्‌महिने कोरी राहते. पोरं फोटो टाकतात, 'बघा अजून किती रबर शिल्लक आहे'. अरे बाबा, ते शिल्लक नाही, ते कधी टेकणारच नव्हतं. शिवाय टायरच्या भिंती चुकीच्या कोनात वाकलेल्या असतात, त्यामुळे वळणात मागून गाडी डुलते. पप्पा मागे बसले की तर विचारूच नका.

"पण जाड टायर जास्त वजन घेतो ना?" असाही मेसेज आहे. कागदावर हो. एकशेचाळीसच्या टायरवर ६६ लिहिलेलं सापडेल, म्हणजे ३०० किलो. पण तो आकडा बरोबर रिम आणि बरोबर हवा धरून दिलेला आहे. चुकीच्या रिमवर त्याची हमी कोणी देत नाही.

जागेचा प्रश्न वेगळाच. ४० मिमी रुंदी वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना २० मिमी. चिमटून थोडं कमी होईल, पण चेन तिथेच आहे, स्विंगआर्म तिथेच आहे, मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याची दांडीही तिथेच. दुकानात गाडी उभी असताना बोट जातं मधून. दोघं बसून खड्ड्यात गेल्यावर जात नाही. चेन टायरला घासून खाते, आणि हे कळतं तेव्हा टायरच्या भिंतीवर चर पडलेला असतो.

उंचीचंही सांगून टाकतो, पटकन. १००/९०-१७ चा व्यास येतो ६१२ मिमी. १४०/७०-१७ चा ६२८. म्हणजे चाक एका फेरीत ५० मिमी जास्त जातं. गिअर लांब झाल्यासारखे वाटतात, उचल मरते, आणि वजन वाढलेलं असतंच, त्यामुळे मायलेजही. मागून गाडी ८ मिमी वर जाते, पुढचा फोर्क किंचित उभा होतो. हा बदल अर्ध्या अंशाच्याही आत आहे, त्याचा मी बाऊ करणार नाही.

कोणी म्हणेल, कंपन्याच तर जाड टायर देतात! देतात ना. आर१५ आठवा. २००८ ची पहिली आर१५: पुढे ८०/९०-१७, मागे १००/८०-१७. लोक हसायचे, एवढी देखणी गाडी आणि टायर असा! पण वळणात ती गाडी पाण्यातल्या माशासारखी जायची. २०११ ला दुसरी आवृत्ती आली, मागे १३०/७०-१७, पुढे ९०/८०-१७. पण कंपनीने फक्त टायर नाही बदलला. रिम रुंद केल्या, पुढचाही टायर वाढवला, स्विंगआर्म नवा, लांब, ॲल्युमिनियमचा दिला, व्हीलबेस १२९० वरून १३४५ मिमी झाला. एवढं सगळं केल्यावर तीस मिलिमीटर वाढवले त्यांनी! आणि आपण चाळीस वाढवायला टायरच्या दुकानात अर्धा तास देतो. माझ्या मते पहिली आर१५ आजही जास्त चपळ वाटते. असो, यावर भांडायला तुम्ही मोकळे आहात.

पुढच्या चाकाचं गणित वेगळं. तिथे रुंदीपेक्षा व्यास जास्त बोलतो. हिमालयन ४११ आणि स्क्रॅम ४११ घ्या. इंजिन तेच, चेसिस तीच, मागे दोघींना १२०/९०-१७. पुढे हिमालयनला ९०/९०-२१, स्क्रॅमला १००/९०-१९. हिशोब केला तर पुढचं चाक व्यासाने ३३ मिमी लहान. फोर्कचा प्रवासही २०० वरून १९० मिमी केला, पण मुख्य फरक चाकाचा. मोठं चाक खड्ड्यावरून आरामात लोळत जातं, कारण खड्डा त्याच्या मानाने लहान पडतो. पण फिरणारं मोठं चाक कलायलाही विरोध करतं. लहान चाक पटकन ऐकतं आणि खड्ड्यात आदळतं. कोकणातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर मला एकवीस इंची द्या, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये एकोणीस. ॲक्टिव्हाच्या ६जी मध्ये पुढचं चाक १० वरून १२ इंचाचं झालं, त्यामागेही खड्ड्याचंच गणित. घरी जुनी आणि नवी दोन्ही असतील तर एकाच स्पीडब्रेकरवरून दोन्ही घालून बघा.

पुढचा टायर जाड केला तर आणखी एक गोष्ट होते. वळणात कललेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी उभी राहायला बघते, सरळ समोर जायला लागते. कारण टेकणारा ठिपका हँडलच्या मध्यरेषेपासून आत सरकलेला असतो, आणि ब्रेकचा जोर तिथून हँडल फिरवतो. टायर जितका रुंद तितका तो ठिपका लांब, तितकं हे जास्त. घाटात समोरून एसटी आली, तू दचकून पुढचा ब्रेक धरलास, आणि गाडी उभी होऊन एसटीच्याच दिशेने निघाली. हे टाळायचं तर वळणाच्या आधी वेग कमी करायचा, आणि आत असताना लागलाच तर ब्रेक हळूहळू दाबायचा.

आता ज्यांनी टायर बदललेलाच नाही, स्टॉकच आहे, ते निवांत ऐकत असतील. थांबा. तुमचाही आकार बदललाय.

रोज सरळ रस्त्याने ऑफिस, कॉलेज. हायवेला तासन्‌तास सरळ. टायरचा फक्त मधला पट्टा झिजतो. हळूहळू मागचा टायर वरून चपटा होतो, दोन्ही बाजूंना धार येते. मगाचा कटिंग ग्लास आठवा. आता मध्ये ग्लास नाही, पावडरचा डबा आहे. डबा सरळच लोळतो. तुम्ही गाडी कलवायला जाता, ती विरोध करते, करते, आणि त्या धारेवर पोचली की एकदम पडते. ओल्या वळणात, मागे कोणी बसलेलं असताना, ही 'एकदम' फार वाईट. आणि हे रोज थोडंथोडं होत असल्याने अंगवळणी पडतं. नवा टायर टाकल्यावर लोक म्हणतात, "अरे, गाडी नवी झाली!" गाडी तीच आहे, गोलाई परत आली.

घरी तपासायला काही लागत नाही. मागच्या टायरवर पट्टी आडवी धरा. मध्यावर पट्टी सपाट टेकत असेल तर समजा. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, झिजेची खूण. रबर त्यांच्या पातळीला आलं की संपलं. आपल्याकडे नियमाने दुचाकीला किमान ०.८ मिमी खाच हवी, पण पावसात तिथपर्यंत थांबू नका, पाणी बाहेर फेकायला खाचच नसेल तर काय उपयोग! टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीखही असते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात नवा म्हणून दिलेला टायर किती वर्षं पडून होता ते तिथे कळतं, म्हणून बसवायच्या आधी वाचा.

हवा पण आकारच ठरवते. कमी हवा असली की टायर बसका होतो, भिंती मुडपतात, हँडल जड लागतं. पंपावरच्या पोऱ्याला "टाक अंदाजे" म्हणू नका. स्विंगआर्मवर किंवा चेनकव्हरवर स्टिकर असतो, एकट्याची वेगळी आणि डबलसीटची वेगळी. रत्नागिरीला पप्पांना घेऊन निघताना मागची डबलसीटची भरायची, तीही टायर थंड असताना.

तर भावा, तुझ्यासाठी. मागचा मूळ मापाचाच नवा टायर घे, जरा मऊ रबराचा. मऊ रबर लवकर झिजतं, पण ओल्या रस्त्यावर धरतं. सायकलसारखं दिसणं अगदीच सहन होत नसेल तर रिमवरचं माप वाच, टायर कंपनीच्या तक्त्यात त्या रिमला काय चालतं ते बघ. ११०/८०-१७ बसत असेल तर त्याचा व्यास ६०८ मिमी, तुझ्या ६१२ च्या जवळ, उंचीत फार फरक नाही. त्याच्या पुढे नको. भिंतीवर बाण असतो फिरण्याच्या दिशेचा, तो बघूनच बसवून घे. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, म्हणून निघायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी टाक आणि गावात फिरव. कऱ्हाडहून मलकापूरमार्गे आंबा घाटात उतरशील तेव्हा त्या टायरची ओळख झालेली असेल.

दिसायला भारी हवं असेल तर रिम टेप लाव, आम्ही हसणार नाही. फार नाही हसणार.

पुढच्या भागात पुढचा फोर्क: ऑइल कधी बदलायचं आणि गाडी ब्रेकला नाक का घासते. तुमच्या रिमवर काय कोरलंय त्याचा फोटो पाठवा, बघू कोणाची सगळ्यात बारीक निघते ते.